एचआयव्हीची लागण आणि तिचे निदान : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या संदर्भात

रोगाचे निदान ही वरवर पाहता निव्वळ प्रयोगशाळेतील क्रिया वाटते. रक्ताचा नमुना घ्यावा, चाचणीपट्टीवर त्याचा थेंब सोडावा आणि रेघ उमटते की नाही हे पाहावे, एवढ्याने काम भागते असा सर्वसाधारण समज आहे. एचआयव्हीच्या बाबतीत हा समज अपुरा ठरतो. चाचणी केव्हा केली, कोणत्या लोकसमूहात केली आणि कोणत्या हेतूने केली, या तीन गोष्टी ध्यानात घेतल्यावाचून तिच्या फलिताचा अर्थ लागत नाही. प्रस्तुत लेखात याच तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

या विवेचनासाठी पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९२ साली स्थापन केलेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. अलीकडे तिचे नाव बदलून राष्ट्रीय ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी व एड्स संशोधन संस्था असे झाले आहे. या रोगासंबंधी जगभर मान्य झालेले काही निष्कर्ष तिच्याच कार्यातून निघाले. दुसरे कारण असे की, वाहनांचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने, निगडीची ट्रान्स्पोर्टनगरी आणि पुणे-नाशिक महामार्ग यांमुळे येथे घरापासून दूर राहणारा तरुण कामगारवर्ग मोठा आहे. आणि अशा वर्गाच्या वैद्यकीय तपासणीचा प्रश्न येथे केवळ शास्त्रीय राहत नाही, तो भाकरीचा प्रश्न होतो.

विषाणू आणि त्याचा शरीरावरील परिणाम

१९८१ साली अमेरिकेत एड्स या विकारसमूहाची प्रथम नोंद झाली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी व ल्युक माँताञिए यांनी त्यास कारणीभूत असलेला विषाणू वेगळा केला. भारतात १९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन व डॉ. सेलप्पन निर्मला यांच्या प्रयत्नाने लागणीचा पहिला पुरावा हाती आला.

हा विषाणू रक्तातील सीडी-४ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशींत शिरतो. त्याचे जनुकद्रव्य आरएनए स्वरूपाचे असते. पेशीत शिरल्यावर एका विशिष्ट विकराच्या साहाय्याने तो त्यापासून डीएनए तयार करवितो आणि हे डीएनए पेशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांत गोवले जाते. पुढे ती पेशीच नव्या विषाणूंची निर्मिती करू लागते. काही पेशींत मात्र तो वर्षानुवर्षे सुप्त पडून राहतो. औषधांनी विषाणूची वाढ थांबविता येते, परंतु त्याचे समूळ उच्चाटन होत नाही, याचे मूळ या सुप्तावस्थेत आहे.

येथे लागण आणि रोग यांतील भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ अशी लक्षणे दिसतात व आपोआप ओसरतात. त्यानंतर उपचाराविना सरासरी आठ ते दहा वर्षे मनुष्य बाह्यतः निरोगी राहू शकतो. या काळात सीडी-४ पेशींची संख्या हळूहळू घटत जाते. निरोगी प्रौढाच्या एका घनमिलिमीटर रक्तात ती साधारणतः ५०० ते १,५०० असते. ती २०० च्या खाली गेली, अथवा काही ठरावीक संधिसाधू रोग जडले, म्हणजे त्या अवस्थेस एड्स म्हणतात. आपल्या देशात या संधिसाधू रोगांत क्षयरोग अग्रभागी आहे. म्हणून क्षयरोग्याची एचआयव्ही चाचणी आणि एचआयव्हीबाधिताची क्षयासाठी तपासणी या दोन्ही गोष्टी आता परस्परांशी जोडलेल्या आहेत.

लागणीचे मार्ग : एका प्रचलित समजाची पुण्यात झालेली परीक्षा

लागणीचे मार्ग मोजके आहेत : असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, दूषित सुया, आणि गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी वा स्तन्यपानातून मातेकडून बालकाकडे होणारे संक्रमण. एकाच उपाहारगृहात जेवणे, समाईक शौचालय वापरणे, यंत्रावरील हत्यारे हाताळणे, घाम, खोकला वा डास यांमुळे लागण होत नाही. बाधिताच्या रक्ताने माखलेली सुई टोचली गेली तरी लागणीची संभाव्यता सुमारे ०.३ टक्के असते. आणि अशा प्रसंगी शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत, औषधे सुरू करून ती २८ दिवस घेतल्यास हा धोकाही पुष्कळच घटतो.

हा रोग काही ठरावीक समूहांपुरता मर्यादित आहे, असा समज नव्वदीच्या दशकात सर्वत्र रूढ होता. भोसरीच्या संस्थेने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने पुण्यातील गुप्तरोग-चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात जो अभ्यास केला, त्याने या समजाला धक्का दिला. डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, अभ्यासातील ९१६ स्त्रियांपैकी ५२५ देहविक्रय करणाऱ्या होत्या व ३९१ तशा नव्हत्या. पहिल्या गटात लागणीचे प्रमाण ४९.९ टक्के होते. दुसऱ्या गटात ते १३.६ टक्के आढळले. या दुसऱ्या गटातील बहुसंख्य स्त्रिया विवाहित असून पतीखेरीज कोणाशीही त्यांचा संबंध नव्हता. या स्त्रिया रोगाची तक्रार घेऊन चिकित्सालयात आलेल्या होत्या, तेव्हा हे प्रमाण सर्व विवाहित स्त्रियांना लागू करता येत नाही. परंतु ज्या स्त्रीच्या स्वतःच्या वर्तनात धोक्याचे काहीच नाही, तिलाही पतीच्या लागणीमुळे धोका संभवतो, हे यावरून निर्विवाद सिद्ध झाले. अमुक एका वर्गाकडे बोट दाखवून इतरांनी निश्चिंत राहावे, या वृत्तीस शास्त्राचा आधार उरला नाही.

चाचणी : काळाचा प्रश्न

नेहमीची चाचणी विषाणूचा शोध घेत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचा शोध घेते. ही प्रतिपिंडे निर्माण होण्यास काही आठवडे लागतात. लागण झालेली आहे, परंतु चाचणीत ती दिसत नाही, अशा या मधल्या कालावधीस गवाक्षकाळ म्हणतात. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीसाठी तो सर्वसाधारणपणे तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत धरला जातो. प्रतिपिंडांबरोबर विषाणूतील पी-२४ हे प्रतिजनही शोधणाऱ्या चाचणीने तो कमी होतो; विषाणूचे आरएनए शोधणाऱ्या चाचणीने आणखी कमी होतो; परंतु शून्य होत नाही.

गवाक्षकाळाचे महत्त्व दाखविणारे कामही पुण्यातच झाले. याच चिकित्सालयांत, ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे नव्हती अशा पन्नासाहून अधिक व्यक्तींच्या रक्तात पी-२४ प्रतिजन सापडले. प्रतिपिंडांची चाचणी त्यांना निर्दोष ठरवीत होती. वस्तुतः त्यांच्या शरीरात विषाणूची वाढ अत्यंत वेगाने होत होती, आणि याच काळात दुसऱ्यास लागण होण्याची शक्यता अधिक असते. तात्पर्य, नुकताच धोका घडून गेलेल्या व्यक्तीच्या बाबतीत नकारार्थी अहवाल हा अंतिम मानता येत नाही. गवाक्षकाळ संपल्यावर पुन्हा चाचणी करणे अवश्य आहे. नवजात बालकाच्या बाबतीत अडचण उलट प्रकारची असते. मातेची प्रतिपिंडे त्याच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकत असल्याने प्रतिपिंडांच्या चाचणीचे होकारार्थी फलित तेथे निरुपयोगी ठरते व विषाणूचे जनुकद्रव्यच शोधावे लागते.

चाचणी : लोकसमूहाचा प्रश्न

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. राष्ट्रीय अनुमानांनुसार २०२३ साली भारतातील प्रौढांत लागणीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के होते. एखाद्या कारखान्यात १,००० कामगार आहेत व त्यांच्यात हेच प्रमाण आहे असे उदाहरणादाखल समजू. बाधितांस अचूक ओळखणारी, परंतु अबाधितांपैकी ०.५ टक्के लोकांस चुकून बाधित ठरविणारी चाचणी सर्वांवर केली, तर २ खरे बाधित सापडतील आणि ९९८ अबाधितांपैकी सुमारे ५ जण विनाकारण बाधित ठरतील. म्हणजे होकारार्थी ठरलेल्या ७ जणांपैकी ५ निरोगी असतील! हीच चाचणी १३.६ टक्के लागण असलेल्या चिकित्सालयात १,००० व्यक्तींवर केली, तर १३६ खऱ्या बाधितांमागे केवळ चार-पाच जण चुकीने बाधित ठरतील. चाचणी तीच, लोकसमूह बदलताच तिच्या फलिताचा अर्थ बदलला.

याच कारणास्तव आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात एकाच चाचणीवर निदान केले जात नाही. पहिली चाचणी होकारार्थी आल्यास भिन्न प्रतिजने वा भिन्न तत्त्व वापरणाऱ्या आणखी दोन चाचण्या केल्या जातात, आणि तिन्हींचे फलित जुळल्यावरच व्यक्तीस बाधित म्हटले जाते. फलिते परस्परविरोधी असल्यास काही आठवड्यांनी नमुना पुन्हा घेतात. शासकीय एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही सर्व सोय विनामूल्य, संमतीने व गुप्तता राखून उपलब्ध आहे.

चाचणी : हेतूचा प्रश्न

चाचणी कशासाठी करावयाची? या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोन दशकांत पुष्कळच बदलले. १ एप्रिल २००४ पासून भारतात शासनाने विनामूल्य एआरटी, म्हणजे विषाणुरोधक औषधोपचार, सुरू केला. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातही असे उपचारकेंद्र आहे. २०१७ पासून सीडी-४ पेशींची संख्या कितीही असो, निदान होताच उपचार देण्याचे धोरण अंगीकारले गेले. रोज नियमाने औषध घेणाऱ्या मनुष्याचे आयुर्मान आज इतरांच्या आयुर्मानाच्या जवळ जाते व तो सर्व प्रकारचे काम करू शकतो.

उपचाराचा दुसरा लाभ त्याहून दूरगामी आहे. जोडीदारांपैकी एक बाधित व दुसरा अबाधित अशा १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत अभ्यास झाला. त्यात भोसरीची संस्थाही सहभागी होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. ज्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण उपचाराने मोजता येणार नाही इतके कमी होऊन तसेच टिकते, त्याच्यापासून लैंगिक संबंधाद्वारे लागण होत नाही, हे पुढील अभ्यासांनी निश्चित झाले. १९९७ च्या निबंधातील विवाहित स्त्रियांपुढे जो प्रश्न उभा होता त्याचे सर्वांत प्रभावी उत्तर हेच होय : पतीचे वेळेवर निदान आणि अखंड उपचार.

हे उत्तर प्रत्यक्षात यावयाचे तर कामगार स्वेच्छेने चाचणीस पुढे आला पाहिजे. चाचणीचा उपयोग त्यास कामावरून दूर करण्यासाठी होणार असेल, तर तो येणार नाही. या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा एक निर्णय महत्त्वाचा आहे. सार्वजनिक क्षेत्रातील एका आस्थापनेने एका हंगामी कामगारास तो एचआयव्हीबाधित असल्याचे आढळल्यावरून कामापासून वंचित केले होते. जो कामास समर्थ आहे व ज्याच्यापासून इतरांस धोका नाही, अशा मनुष्यास केवळ या लागणीच्या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. आणि त्याचे नाव उघड न करता दावा चालविण्याची मुभा दिली. पुढे २०१७ चा एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार नोकरीसाठी पूर्वअट म्हणून ही चाचणी लादता येत नाही. ज्ञानपूर्वक संमती व गुप्तता बंधनकारक आहे. आणि १०० वा अधिक व्यक्ती असलेल्या आस्थापनेने तक्रारनिवारणासाठी अधिकारी नेमणे आवश्यक आहे.

कायद्याचा हा दंडक आणि वर मांडलेले शास्त्र यांची दिशा एकच आहे, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. भरतीच्या वेळी केलेली सक्तीची एकच चाचणी गवाक्षकाळातील बाधितास ओळखू शकत नाही. अल्प प्रमाणाच्या समूहात ती निरोगी माणसांस बाधित ठरविते. आणि ज्यांना ती खरोखर ओळखते, त्यांच्यापासून कारखान्यातील सहकाऱ्यांस धोका नसतोच. म्हणजे ज्या संरक्षणासाठी ती केली असे सांगितले जाते, ते तिच्याने साधत नाही. याउलट समुपदेशनासह स्वेच्छेने केलेली चाचणी बाधितास उपचाराकडे नेते, आणि तो उपचार गावी अथवा चाळीत राहणाऱ्या त्याच्या पत्नीचे व पुढे जन्मणाऱ्या बालकाचेही रक्षण करतो. चाकण-पिंपरीच्या कामगारवस्तीत आरोग्याचे सर्वेक्षण करू इच्छिणाऱ्या अभ्यासकांनी आपली प्रश्नावली आखण्यापूर्वी हा फरक मनाशी पक्का करावा. संमती व गुप्तता हे या संशोधनातील केवळ शिष्टाचार नसून मिळणाऱ्या माहितीच्या खरेपणाचाच तो पाया आहे.