संगणक जोडताना (भाग ७) : हवेची वाट

मागच्या आठवड्यात एसएमपीएस निवडून झाला. आता हे सगळं सामान ज्यात बसवायचं ते कॅबिनेट. बहुतेक जण ते सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत आणि रूप बघून घेतात. मीही एकदा तेच केलं. भाच्यासाठी पुण्याच्या तापकीर गल्लीतून एक कॅबिनेट आणलं. पुढे काळी काच, काचेमागे रंगीत उजेडाचे तीन पंखे. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "मामा, गेम लावला की इतका आवाज येतो की आई आतल्या खोलीतून विचारते, काय चाललंय!" मी गेलो, पुढची काच उतरवून भिंतीला टेकवून ठेवली. दहा मिनिटांत ग्राफिक्स कार्डचं तापमान नऊ अंशांनी उतरलं. कार्ड तेच, पंखे तेच, गेमही तोच. हवेला आत यायला वाट मिळाली, एवढंच.

हिशेब करून बघू. संगणकात जेवढी वीज शिरते, तिची शेवटी उष्णताच होते. गेम चालू असताना आतले भाग मिळून ४०० वॉट खात असतील, तर ती सगळी उष्णता हवेनंच बाहेर न्यायची असते. मिनिटाला एक घनमीटर हवा आरपार गेली, तर बाहेर पडेपर्यंत ती सुमारे २० अंशांनी तापते. दोन घनमीटर गेली, तर सुमारे १० अंशांनी. म्हणून कॅबिनेट बघताना माझा पहिला प्रश्न असतो, हवा शिरणार कुठून?

खिशात मोजपट्टी ठेवा. १२० मिलिमीटरच्या पंख्याची पाती जेवढ्या जागेत फिरतात ती जागा, मधली चकती सोडून, सुमारे १०० चौरस सेंटिमीटर भरते. तीन पंख्यांची ३००. आता काचेच्या दोन्ही कडांना असलेल्या फटी मोजा. ४० सेंटिमीटर उंच आणि एक सेंटिमीटर रुंद अशा दोन फटी असतील, तर वाट झाली ८० चौरस सेंटिमीटर. तिच्यावर प्लास्टिकची नक्षी असली की निम्मी गेली. वाड्याला तीन मोठे दरवाजे ठेवायचे आणि तिथवर यायला एकच माणूस मावेल एवढा बोळ, अशी ही रचना. पंखे ओढत राहतात, आवाज वाढतो, हवा मात्र येत नाही.

काचेवर माझा राग नाही. तैवानच्या लिआन लीचं २०१८ मधलं 'ओ११ डायनॅमिक' पुढून आणि डावीकडून काचेचंच आहे, पण हवा खालून आणि दुसऱ्या बाजूनं घेण्याची जागा त्यात मुळातच ठेवलेली आहे. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइननं २०२१ मध्ये 'टॉरेंट' काढलं तेव्हा एसएमपीएस वर नेला आणि पुढची जागा उघड्या जाळीला दिली, तिच्यामागे १८० मिलिमीटरचे दोन पंखे. दोन्ही महाग आहेत, ती घ्याच असं मी म्हणत नाही. पण आधी हवेचा विचार आणि मग रूप, हा क्रम त्यांत स्पष्ट दिसतो आणि मला तो फार आवडतो.

"गरम हवा वर जाते, म्हणून सगळे पंखे छताला लावा," असा सल्ला दुकानात हमखास मिळतो. अर्धा मीटर उंचीच्या कॅबिनेटमध्ये आतबाहेर १० अंशांचा फरक असला, तरी गरम हवेचा आपोआप वर जाण्याचा रेटा ०.२ पास्कलच्याही आतच राहतो. साधा १२० मिलिमीटरचा पंखा याच्या कितीतरी पट दाब देतो. तेव्हा हवा पंखा नेईल तिकडे जाते. पुढून दोन पंख्यांनी आत आणि मागून एकानं बाहेर, ही मांडणी बहुतेक घरांना पुरते. छताच्या पुढच्या टोकाला बाहेर फेकणारा पंखा लावलात, तर ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच निसटते.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली की धूळ फिल्टरमध्ये अडकते. उलट असलं तर ती प्रत्येक फटीतून आत ओढली जाते. पुढचा आणि एसएमपीएसखालचा असे दोन्ही फिल्टर हातानं निघतात का, ते दुकानातच काढून बघा. कोकणातल्या वाचकांनी पत्र्याच्या कापलेल्या कडांवर रंग बसलाय का तेही बघावं, दमट हवेत गंजाची सुरुवात तिथूनच होते. आणि विदर्भातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं की खोली २८ वरून ३८ अंशांवर गेली, की आतले भागही साधारण तेवढेच वर चढतात. कुठलंही कॅबिनेट खोलीपेक्षा थंड होत नाही.

पैशांचं थोडक्यात. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस वापरू नका, त्याची कारणं मागच्या भागात आली आहेत. रंगीत पंख्यांची वायर तपासा. ती थेट एसएमपीएसच्या चार पिनांच्या मोठ्या जोडणीला जात असेल, तर मदरबोर्डला त्या पंख्यांचा वेग कमी करता येत नाही, ते दिवसरात्र एकाच वेगानं फिरतात. बाजूचा पत्रा अंगठ्यानं दाबून बघा. डबा दाबल्यासारखा आत गेला, तर पंख्यांबरोबर तोही थरथरणार.

घरी काचेचं कॅबिनेट असेल तर एक चाचणी करा. अर्धा तास जड गेम चालवून कार्डचं तापमान लिहून ठेवा, पुढचं तावदान काढून पुन्हा तेवढाच वेळ चालवा. फरक पाच अंशांहून जास्त आला, तर वाट अडलेली आहे. भाच्याच्या कॅबिनेटला आम्ही लाकडी पट्ट्यांची चौकट करून काचेच्या जागी खिडकीला लावतात ती डासांची जाळी बसवली. नऊपैकी सात अंश कायमचे उतरले. महिन्यातून एकदा तो ती काढून नळाखाली धुतो.