पहिली आंघोळ आणि गॅस गिझर

दिवाळीत पहिली आंघोळ उजाडण्यापूर्वी उरकायची असते. घर पाहुण्यांनी भरलेले, बाथरूम एक किंवा दोन आणि तेल-उटणे लावून नंबराची वाट पाहणारी मुले. अशा पहाटे गॅस गिझर तास-दीड तास जवळजवळ अखंड चालतो. बाहेर गारठा, म्हणून खिडकी बंद. मग कुणीतरी डोके जड झाले, मळमळते अशी तक्रार करते. दोष जागरणाला, पित्ताला नाहीतर फराळाला दिला जातो. खरे कारण कार्बन मोनॉक्साइड हा वायू असू शकतो.

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर त्यांच्या ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. बंद बाथरूममध्ये ज्योत तो वापरत राहते. तो कमी पडला किंवा बर्नरवर काजळी साचलेली असली, की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आतली हवा पुरती बदलण्याआधीच पुढची आंघोळ सुरू झाली, तर उशिरा जाणाऱ्याला धोका अधिक.

या वायूला रंग नाही, वासही नाही. सिलिंडरच्या गॅसला येणारा उग्र वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. त्यामुळे ‘गॅसचा वास आला नाही’ याचा अर्थ ‘धोका नव्हता’ असा होत नाही.

रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला २०० पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. साहजिकच मेंदू आणि हृदयाला ऑक्सिजन कमी पडतो. डोकेदुखी, चक्कर, उलटी, गोंधळल्यासारखे होणे आणि पाय लटके पडणे ही लक्षणे. अनेकदा माणूस दाराची कडी काढण्याआधीच कोसळतो. गर्भवती, लहान मुले आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना धोका जास्त.

घरातले पल्स ऑक्सिमीटर येथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्त वाटते आणि आकडा ९८ दिसू शकतो. अचूक निदानासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. ती होण्यासाठी ‘घरात गॅस गिझर चालू होता’ हे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवे. एकाच सकाळी एकाहून अधिक जणांचे डोके दुखत असेल आणि मोकळ्या हवेत बरे वाटत असेल, तर संशय पक्का समजावा.

कुणी आत कोसळल्यास दार-खिडक्या उघडून गिझर बंद करावा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आत जाणाऱ्याने तिथे रेंगाळू नये. श्वास थांबला असेल तर सीपीआर सुरू करावा. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास. म्हणून शुद्धीवर आल्यावरही रुग्णालयात जायलाच हवे. काहींना विस्मरण किंवा चालण्यातला तोल जाणे असे त्रास काही दिवसांनी, आठवड्यांनीही सुरू होतात.

सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे गिझर बाथरूमच्या बाहेर, बाल्कनीसारख्या उघड्या जागी बसवून फक्त गरम पाण्याचा नळ आत आणणे. ते होईपर्यंत गिझरवर आधी बादली भरून घ्यावी, तो बंद करावा आणि मगच दार लावून आंघोळ करावी. नुसता एक्झॉस्ट फॅन पुरत नाही. बाहेरची हवा आत यायला वाट हवी. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसत असेल तर गिझर वापरू नये, दुरुस्त करून घ्यावा. दिवाळीच्या साफसफाईच्या यादीत गिझरची सर्व्हिसिंगही असावी. आणि मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांना टॉवेल देताना गिझर कसा वापरायचा, हेही सांगावे. त्यांच्या घरी कदाचित विजेचा असेल.