घेता येते, पण कुटू नये

शाळेत इंग्रजी व्याकरण तुकड्यातुकड्यांनी शिकवतात. एका आठवड्यात ‘चेंज द व्हॉइस’, पुढच्या आठवड्यात मोडल ऑक्झिलरी, मग कधीतरी ‘व्हिच’ घालून दोन वाक्ये जोडायची. ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये ही तिन्ही कामे वेगवेगळ्या उपप्रश्नांत येतात आणि मुले गुणही मिळवतात. मग एक दिवस औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी आजी पुढे करते, ‘वाच रे काय लिहिलंय,’ आणि तोच मुलगा अडखळतो. तिथे तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात गुंतलेल्या असतात आणि वर एखादा ‘बट’ असतो.

असे एक वाक्य घेऊ. ते मी बेतले आहे, पण घाट अगदी चिठ्ठीतला आहे: ‘द टॅब्लेट, व्हिच मे बी टेकन विथ मिल्क बट मस्ट नॉट बी क्रश्ड, शुड बी स्टोअर्ड इन अ कूल प्लेस.’

पहिल्यांदा दोन स्वल्पविरामांमधला मजकूर बोटाने झाकावा. उरते ते ‘द टॅब्लेट शुड बी स्टोअर्ड इन अ कूल प्लेस’, म्हणजे गोळी थंड जागी ठेवावी. हे मुख्य वाक्य. गोळी आणि ‘शुड बी स्टोअर्ड’ यांच्यात अकरा शब्द येऊन बसले आहेत, म्हणून गोंधळ होतो. आपल्याला क्रियापदाची वाट पाहायची सवय आहे, पण ते वाक्याच्या शेवटी मिळेल अशी. इंग्रजीत मात्र वाटेत दुसरीच क्रियापदे भेटतात आणि त्यांतलेच एखादे आपण मुख्य समजून बसतो.

आता बोट उचलावे. ‘व्हिच’ म्हणजे गोळीच. मराठीत ‘जो’ आला की मागोमाग ‘तो’ येतो. जसा-तसा, जिथे-तिथे, जेव्हा-तेव्हा, सगळ्या जोड्याच. कानाला ती जोडी हवी असते. इंग्रजीत ‘व्हिच’ एकटाच येतो, त्याला जोडीदार नाही. शिवाय ‘बट’नंतर तर तोही नाही. तिथे वाचणाऱ्याने स्वतः मनात ‘व्हिच’ भरायचा: व्हिच मे बी टेकन, बट व्हिच मस्ट नॉट बी क्रश्ड. एवढे केले की निम्मे कोडे सुटते.

हा दुसरा ‘व्हिच’ गाळणे इंग्रजीला परवडते ते कर्मणी रचनेमुळे. गोळी घेणारा रुग्ण, कुटणारे बहुधा घरातले कोणी, ठेवणारा दुकानदार किंवा आपण. करणाऱ्यांची नावे घ्यायची म्हटली तर तीन क्रियापदांना तीन कर्ते लागतील आणि वाक्य विस्कटेल. कर्मणी केले की घेतली जाणारी, कुटली जाणारी, ठेवली जाणारी सगळीकडे गोळीच राहते. एकच उद्देश्य तिन्ही क्रियापदांना पुरते, म्हणून एकाच ‘व्हिच’वर भागते आणि मध्ये नुसता ‘बट’ टाकला तरी जोड बसतो. शाळेत वेगवेगळ्या शिकलेल्या या गोष्टी खऱ्या मजकुरात एकत्र का येतात, त्याचे मला पटणारे कारण हेच आहे. त्या एकमेकींचे काम सोपे करतात.

क्रियापदाच्या घोळक्यातला क्रम ठरलेला आहे. आधी मोडल, मग लागलेच तर ‘हॅव’, मग ‘बी’ किंवा ‘बीन’, शेवटी धातूचे तिसरे रूप. हा क्रम कधी ढळत नाही. नोम चॉम्स्की यांनी १९५७च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या छोट्या पुस्तकात तो एका सूत्रात मांडून दाखवला. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग असा, की उलट्या बाजूने सोलता येते. शेवटचा शब्द क्रिया सांगतो, त्याआधीचा ‘बी’ सांगतो की ती उद्देश्यावर घडते, आणि सुरुवातीचा मोडल सांगतो की मुभा आहे, सल्ला आहे की सक्ती.

‘नॉट’पाशी मात्र थांबून नीट पाहावे. ‘मस्ट नॉट बी क्रश्ड’ म्हणजे कुटता कामा नये. ‘नीड नॉट बी क्रश्ड’ म्हणजे कुटायची गरज नाही, कुटली तरी चालेल. ‘कॅनॉट बी क्रश्ड’ म्हणजे कुटताच येत नाही. ‘नॉट’ तिन्हीकडे मोडलला चिकटूनच दिसतो, पण ‘मस्ट नॉट’मध्ये तो क्रियेला नाकारतो, तर उरलेल्या दोहोंत मोडललाच. ‘मे नॉट’ तर दोन्हीकडे झुकतो: परवानगी नाही, किंवा कदाचित होणार नाही. तिथे आजूबाजूचा मजकूर पाहूनच ठरवावे लागते. हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. काही गोळ्यांवरचे आवरण औषध पोटात हळूहळू सुटावे म्हणून दिलेले असते. ती गोळी कुटून मधातून दिली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. आपल्याकडे लहानांना आणि म्हाताऱ्यांना गोळीची पूड करून द्यायची पद्धत आहे, म्हणून हे ‘मस्ट नॉट’ मला फार महत्त्वाचे वाटते.

आता मराठीत कसे सांगावे? छापील चिठ्ठ्यांवर दिसते ते असे: ‘जी दुधासोबत घेतली जाऊ शकते परंतु चिरडली जाऊ नये.’ व्याकरणात चूक नाही, पण आजीला हे एकदा वाचून कळणार नाही. मराठीला ‘मे बी टेकन’साठी ‘घेतली जाऊ शकते’ची गरजच नाही. ‘घेता येते’ म्हटले की करणारा आपोआप बाजूला होतो. ‘शुड बी टेकन’ म्हणजे ‘घ्यावी’. गोळी घ्यावी, काढा घ्यावा, औषध घ्यावे: क्रियापद वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे फिरते, म्हणजे कर्मणी प्रयोग आणि सल्ला दोन्ही त्या एका रूपातच आहेत. ‘मस्ट नॉट बी क्रश्ड’ला आपल्याकडे ‘कुटू नये’ हे दोन शब्द पुरतात. सगळे वाक्य मग असे होते: ‘ही गोळी दुधासोबत घेता येते, पण कुटू नये. थंड जागी ठेवावी.’

संस्कृतने तर हे प्रत्ययात बसवले. ‘कर्तव्य’ म्हणजे करायला हवे ते, ‘वाचनीय’ म्हणजे वाचण्याजोगे. कर्मणी आणि मोडल एका प्रत्ययात. पाणिनीने हे तव्य आणि अनीय प्रत्यय नोंदवले आहेत. इंग्रजीत ‘एबल’ हा प्रत्यय हेच काम करतो. ‘वॉशेबल’ म्हणजे ‘व्हिच कॅन बी वॉश्ड’.

‘व्हिच’चे उपवाक्य विशेषणासारखे नामाच्या आधी बसवायचे असेल तेव्हा मराठीचा ‘असा’ कामाला येतो: पिऊ नये असे पाणी, दुरुस्त करता येईल असा पंखा. आणि ‘फॉर्म्स टु बी फिल्ड’साठी ‘भरायचे फॉर्म’ आहेच. ‘जो-तो’ हा एकच मार्ग नाही, हे भाषांतर करताना ध्यानात ठेवावे.

‘बट’चे वजन पुढच्या बाजूला पडते. भारतीय संविधानाचा अनुच्छेद ३७ पाहा. मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयामार्फत करून घेता येणार नाही, असे तो आधी सांगतो, मग ‘बट’ येतो, आणि तरीही देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत, असे पुढे म्हणतो. पहिल्या अर्ध्यावर थांबणारा वाचक उलटाच अर्थ घेऊन जाईल. ‘दो’ने मात्र हलकी बाजू आधीच ओळखू येते: ‘व्हिच, दो इट कॅन बी रिपेअर्ड, शुड नॉट बी यूज्ड’ म्हणजे दुरुस्त करता येत असले तरी वापरू नये.

स्वल्पविरामही अर्थ फिरवतो. ‘द ब्रिजेस व्हिच मस्ट बी रिपेअर्ड’ यात सगळे पूल नाहीत, दुरुस्त करायलाच हवेत तेवढेच आहेत. ‘व्हिच’च्या आधी स्वल्पविराम दिला की सगळेच पूल दुरुस्तीला आले.

शेवटी ‘हॅव’. ‘द ब्रिज, व्हिच शुड हॅव बीन रिपेअर्ड लास्ट इयर, इज स्टिल इन यूज.’ इथे ‘बट’ कुठेच नाही, तरी विरोध आहे. ‘शुड हॅव बीन’ म्हटले की झाले नाही, हे वाचणाऱ्याला कळते. मराठीत ते काम ‘हवा होता’ करतो: गेल्या वर्षीच दुरुस्त व्हायला हवा होता तो पूल अजून वापरात आहे. दुरुस्ती कोणी करायला हवी होती, हे इंग्रजी वाक्यात नाही आणि मराठीतही नाही. ते विचारायचे असेल तर दुसरे वाक्य लिहावे लागते आणि त्यात कर्ता घालावा लागतो.