विश्लेषण : घरी शिवलेली जलपरीची शेपटी... कशी शिवावी, कशी रंगवावी आणि पाण्यात किती सुरक्षित?

उन्हाळी सुट्टी लागली की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत सोसायट्यांचे तरणतलाव गजबजतात. वाढदिवसही आता तलावाकाठी साजरे होतात. त्यात मोबाइलवर जलपरीची रील पाहिलेली आठ-दहा वर्षांची मुलगी ‘मला पण तशीच शेपटी हवी’ असा हट्ट धरून बसते. तयार शेपटी महाग पडते, अनेकदा मापातही बसत नाही. मग घरातले शिलाई मशीन बाहेर निघते.

अशी शेपटी घरी शिवता येते, रंगवताही येते. मात्र स्नेहसंमेलनातल्या फॅन्सी ड्रेसची शेपटी आणि पाण्यात घालायची शेपटी यांत मोठा फरक आहे. पाण्यातली शेपटी दोन्ही पाय एकत्र बांधते. त्यामुळे तिची पहिली कसोटी ती किती सुंदर दिसते ही नाही, तर ती काही सेकंदांत निघते का, ही आहे. कापड, माप, शिलाई आणि रंग या प्रत्येक टप्प्यावर ही कसोटी कशी लावायची, ते पाहू.

शेपटीत नेमके काय असते?

पोहण्याच्या शेपटीचे दोन भाग असतात. आत असतो ‘मोनोफिन’, म्हणजे दोन्ही पावले एकाच रुंद पात्यात अडकवण्याचा पंख. त्यावर कंबरेपासून खाली चढवतात ते ताणणाऱ्या कापडाचे आवरण. पाणी मागे ढकलण्याचे काम मोनोफिन करतो. कापडाचे काम फक्त दिसण्याचे आहे.

मोनोफिन हे खेळणे म्हणून जन्माला आले नाही. १९७०च्या दशकात सोव्हिएत संघातील जलतरणपटूंनी वेगासाठी ते वापरात आणले. ‘फिनस्विमिंग’ हा स्पर्धात्मक प्रकार भारतातही खेळला जातो. मोनोफिन घालून पोहताना पाय आलटून पालटून मारत नाहीत. छातीपासून पावलांपर्यंत शरीराची एकच लाट करायची असते. बटरफ्लाय शिकलेल्या मुलांना ही ‘डॉल्फिन किक’ ओळखीची असते.

ही कल्पना आली कुठून?

ऑस्ट्रेलियाच्या जलतरणपटू ॲनेट केलरमन यांना लहानपणी पायांच्या दुबळेपणामुळे लोखंडी आधार लावावे लागत. पायांत बळ यावे म्हणून त्यांना पोहायला घातले गेले. पुढे त्या मूकपटांच्या तारका झाल्या आणि १९१४च्या ‘नेपच्यून्स डॉटर’सारख्या चित्रपटांतून जलपरी म्हणून गाजल्या. जलपरीचे पोशाख त्या स्वतः आखत, काही स्वतःच्या हातांनी बनवतही. म्हणजे घरच्या शेपटीची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे.

अमेरिकेत फ्लोरिडातील वीकी वाची येथे १९४७ पासून नैसर्गिक झऱ्यात जलपऱ्यांचे प्रयोग होतात. कलाकार मधूनमधून रबरी नळीतून हवा घेतात आणि पुन्हा हसत प्रेक्षकांसमोर येतात. प्रेक्षकांना हे सहज वाटते. प्रत्यक्षात त्यामागे प्रशिक्षण आणि कायम तयार असलेला हवेचा पुरवठा असतो. रीलमध्ये नेमका तोच भाग दिसत नाही.

कापड कोणते घ्यावे?

दुकानात ‘फोर-वे लायक्रा’ किंवा ‘स्विमसूटचे कापड’ मागावे. फोर-वे म्हणजे आडवे आणि उभे, दोन्हीकडे ताणणारे. आडवा ताण अंगाला बसण्यासाठी लागतो, तर उभा ताण नसेल तर गुडघा आणि कंबर वाकताना कापड ओढले जाते. दादरच्या हिंदमाता परिसरात किंवा थोडी पायपीट करून मंगळदास मार्केटमध्ये शोधता येईल.

घ्यायच्या आधी छोटी चाचणी करा. कापडावर १० सेंटिमीटरचा भाग चिमटीत धरून १५ सेंटिमीटरपर्यंत ताणा आणि सोडा. ते लगेच मूळ मापावर आले पाहिजे. लेगिंग्जचे कॉटन-लायक्रा टाळा. सुती धागा पाणी पितो, जड होतो आणि खाली ओघळतो. जाड सॅटिन, वेल्वेट किंवा टिकल्यांचे कापडही पाण्यासाठी नको.

दहा वर्षांच्या मुलीसाठी दीड मीटर पन्ह्याचे साधारण दीड मीटर कापड पुरते. शेपटीचे पाते फार पसरट हवे असेल तर थोडे जास्त घ्यावे.

माप कसे घ्यायचे?

आधी मोनोफिन घ्या, मगच कापड कापा. मुलीला मोनोफिन घालून मोठ्या खाकी कागदावर झोपवा आणि कंबरेपासून पात्यापर्यंत बाहेरची रेषा आखा. मग कंबर, नितंब, मांडी, गुडघे, पोटऱ्या आणि घोटे येथे दोन्ही पाय जुळवून घेर मोजा.

ताणणारे कापड अंगापेक्षा थोडे लहान कापावे लागते, नाहीतर पाण्यात त्याचा फुगा होतो. साधारण १० टक्के कमी, हा हिशोब चालतो. उदाहरणार्थ, नितंबांचा घेर ७० सेंटिमीटर असेल तर त्याचे ६३ होतात. पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे, म्हणजे प्रत्येकी ३१.५. दोन्ही बाजूंना शिलाईसाठी १-१ सेंटिमीटर धरले की ३३.५ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा कापायचा.

हा नियम घोट्यांना लावू नका. शेपटी काढताना पाऊल त्याच अरुंद भागातून बाहेर येते. तेथे टाचेपासून पावलाच्या वरच्या उंचवट्यापर्यंतचा घेर मोजा आणि शिवलेली नळी तेवढी सहज ताणते का, ते पाहा. ओले कापड कातडीला चिकटते. कोरडे असताना जेमतेम निघणारी शेपटी ओली झाल्यावर अडकणार, असे धरून चाला.

शिवताना काय टाळायचे?

साध्या सरळ शिलाईचा दोरा ताण बसताच तुटतो. झिगझॅग टाका किंवा ओव्हरलॉक वापरा. सुई ताणणाऱ्या कापडासाठीची, गोल टोकाची हवी. दोरा सुती नको, पॉलिस्टरचा घ्या. उपनगरांत गल्लोगल्ली असलेल्या फॉल-पिकोच्या दुकानांतही ओव्हरलॉक करून मिळते.

कंबरेला रुंद, मऊ इलॅस्टिक पुरे. नाडी घालू नका, कारण ओली गाठ सुटत नाही. खांद्यावरचे पट्टे, हूक, मागची चेन यांनाही फाटा द्या. शेपटी कंबरेला अंगठे घालून खाली ढकलली की निघाली पाहिजे. पात्याच्या खालच्या कडेला काही भाग उघडा ठेवून वेल्क्रो लावा. तेथून मोनोफिन आत सरकवता येतो आणि बाहेर येताना पाण्याचा निचराही होतो.

प्लास्टिकची शीट कापून घरीच मोनोफिन बनवण्याचे व्हिडीओ दिसतात. तो मोह टाळा. कापलेली कड धारदार असते, वारंवार वाकून शीट तडकते आणि पाऊल सहज सुटेल अशी खोबण घरी जमणे अवघड असते. तयार मोनोफिन घेतानाही टाचेचा पट्टा ताणणारा आहे का आणि हात न लावता पाऊल बाहेर ओढता येते का, हे दुकानातच तपासा.

रंग तडकतो का?

फॅब्रिक पेंटिंग आपल्या घरांना नवे नाही. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ आणि साड्यांचे पदर रंगवण्यात अनेकींच्या सुट्ट्या गेल्या आहेत. त्या छंदाशी जोडलेला ‘फेव्हिक्रिल’ हा ब्रँड ज्या पिडिलाइट कंपनीचा, तिचे कॉर्पोरेट कार्यालय अंधेरी पूर्वेलाच आहे.

अभ्र्याचे कापड मात्र ताणत नाही. लायक्रा ताणतो आणि अडचण तेथेच येते. ॲक्रिलिक रंग वाळला की त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. सैल कापडावर रंगवून ते अंगात चढवले की खालचे कापड पसरते, वरचा पापुद्रा पसरत नाही आणि भेगा पडतात.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, रंगात ‘फॅब्रिक मीडियम’ मिसळून तो लवचीक आणि पातळ करा. दुसरा, कापड ताणलेल्या अवस्थेत रंगवा. त्यासाठी पुठ्ठ्याचा शेपटीच्या आकाराचा साचा कापून आत सरकवा. साचा कापडाच्या तुकड्यापेक्षा थोडा रुंद हवा. रंग दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिक गुंडाळा. तिसरा, एकच जाड थर देण्याऐवजी स्पंजने टिपून दोन-तीन पातळ थर द्या.

खवले कसे काढायचे?

खवल्यांची रचना कौलारू छपरासारखी असते. प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर थोडी येते आणि अर्ध्या खवल्याने सरकते. औषधाच्या बाटलीचे झाकण साचा म्हणून धरा आणि खडूने अर्धवर्तुळे काढा. नितंबांकडे मोठी, घोट्यांकडे लहान. खवल्याच्या मुळाशी गडद आणि कडेला फिका रंग दिला की उठाव येतो. पात्यावर खवले नकोत, तेथे पंख्यासारख्या लांब रेषा शोभतात.

झटपट काम हवे असेल तर कांद्याची जाळीदार पिशवी कापडावर ताणून बसवा आणि वरून स्पंजने रंग टिपा. जाळी उचलली की खवल्यांची नक्षी उमटलेली असते.

रंग पूर्ण वाळू द्या. मग उलट्या बाजूने, वर सुती फडके ठेवून, अगदी मंद इस्त्री फिरवा. इस्त्री तापली तर लायक्रा वितळतो. त्यानंतर दोन-तीन वेळा धुवा आणि पाण्यात रंग उतरत नाही याची खात्री करा. चकचकीत ग्लिटर लावू नका. ते सुटून तलावाच्या फिल्टरमध्ये जाते आणि डोळ्यांतही.

रंगवायचे नसेल तर क्रिकेट संघांचे टी-शर्ट छापणाऱ्यांकडे सब्लिमेशन छपाई होते. त्यात रंग धाग्यात मुरतो, त्यामुळे तडकत नाही. मात्र त्यासाठी पॉलिस्टर-लायक्रा लागतो, नायलॉनवर ती नीट उमटत नाही. प्रत्येक वापरानंतर शेपटी साध्या पाण्यात खंगाळून सावलीत वाळवा. क्लोरिनमुळे लायक्राचा ताण लवकर जातो.

धोका नेमका कुठे?

पाण्यात तोल गेला की माणूस नकळत दोन गोष्टी करतो. एक पाय पुढे टाकून उभा राहतो किंवा पाय सायकलसारखे मारत जागेवर तरंगतो. शेपटीत या दोन्ही गोष्टी अशक्य होतात. त्यामुळे कंबरभर पाण्यातही मूल पालथे पडले तर त्याला सरळ होता येत नाही. एरवी उत्तम फ्रीस्टाइल पोहणारे मूलही गोंधळते.

दुसरा धोका श्वासाचा. पाण्याखाली जास्त वेळ राहण्यासाठी मुले आधी भराभर श्वास घेतात. त्याने शरीरातील कार्बन डायऑक्साइड घटतो. श्वास घ्यायची निकड हा वायूच जाणवून देतो. तो सिग्नलच उशिरा आल्याने ऑक्सिजन आधी संपतो आणि कोणतीही धडपड न करता शुद्ध हरपते. काठावरच्या आईला वाटते, मुलगी जलपरीचा खेळ खेळते आहे.

या कारणांमुळे कॅनडातील एडमंटन शहराने २०१५ मध्ये महापालिकेच्या तलावांत अशा शेपट्यांवर बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख लोक बुडून मरण पावले आणि त्यांतील जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. यातले मृत्यू शेपटीमुळे झालेले नाहीत. पण पाणी चुकीला किती कमी वेळ देते, हे त्यातून कळते.

पाण्यात उतरण्याआधी कोणती चाचणी घ्यावी?

आधी शेपटीविना. मुलीला न थांबता २५ मीटर पोहता येते का, जागेवर तरंगता येते का, पालथी असताना उलटून पाठीवर येता येते का, हे पाहा. यातले एकही जमत नसेल तर शेपटी यंदा कपाटात राहू द्या.

मग घरी, जमिनीवर, ओली शेपटी घालून ती स्वतः काढायला लावा. मोठ्यांनी हात लावायचा नाही. मनात दहा आकडे मोजेपर्यंत पाय मोकळे झाले नाहीत तर घोटा सैल करा. नंतर हाच सराव कंबरभर पाण्यात, काठ धरून. तेथे सलग पाच वेळा जमल्यावरच पोहायला सोडा.

पाण्यात पोहता येणारी एक मोठी व्यक्ती हाताच्या अंतरावर हवी. काठावरून मोबाइलवर शूटिंग करणारी व्यक्ती यात धरू नका. एका वेळी एकच शेपटी पाण्यात असावी आणि श्वास रोखण्याच्या पैजा नकोत. दंडावरचे फुगे किंवा रबरी ट्यूबही नको. पाय बांधलेले असताना ट्यूबमुळे शरीर उलटे अडकू शकते.

मुंबईत कुठे वापरता येईल?

अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल किंवा मुलुंडचे प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडा संकुल अशा महापालिकेच्या तलावांत एका बॅचमध्ये अनेक जण पोहतात. रुंद पात्याचा फटका दुसऱ्याला बसू शकतो. त्यामुळे आधी व्यवस्थापनाला विचारा आणि नकार आला तर हुज्जत घालू नका.

सोसायटीचा तलाव सोपा वाटतो, पण तेथे त्या वेळी जीवरक्षक हजर आहे का, हे आधी पाहा. नसेल तर शेपटीचा कार्यक्रम त्या दिवशी रद्द समजा. जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराईच्या समुद्रात शेपटी घालून उतरणे तर नकोच. तेथे लाटा आणि ओढ यांच्यासमोर मोकळे पायही कमी पडतात. किनाऱ्यावर वाळूत बसून फोटो जरूर काढा.

पोहणे अजून कच्चे असेल तर एक मधला मार्ग आहे. मोनोफिन न लावता, खालून पूर्ण उघडी शेपटी शिवा. मुलीला तीत चालता येईल आणि काठावर बसून पाणी उडवता येईल. रंगवण्याची सगळी मजा तीच राहील. खरी शेपटी पुढच्या सुट्टीत शिवता येईल. तोपर्यंत कागदावरचे माप जपून ठेवू नका, कारण मुलगी वाढलेली असेल आणि माप नव्यानेच घ्यावे लागेल.