पानिपत ते पुणे : अंतर आणि प्रवासाचा वेळ

दोन शहरांमधील अंतर किती, या प्रश्नाला एकच उत्तर नसते. हरियाणातील पानिपत आणि महाराष्ट्रातील पुणे ही इतिहासाने जोडलेली शहरे याचे बोलके उदाहरण आहेत.

अंतराची मोजणी

पानिपत सुमारे २९.४ अंश, तर पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. एका अक्षांशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर धरल्यास उत्तर-दक्षिण अंतर १,२१० किलोमीटर भरते. रेखांशांतील सुमारे तीन अंशांचा फरक हिशेबात घेतल्यावर दोन्ही शहरांमधील लघुतम अंतर १,२५० किलोमीटरच्या जवळपास येते. रस्ता मात्र डोंगर, नद्या आणि वाटेतील शहरे यांनुसार वळत जातो. त्यामुळे तो सुमारे दीड हजार किलोमीटरचा होतो.

विमानप्रवासाचा वेळ

पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. तथापि तेथून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. त्यामुळे प्रवाशाला राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून सुमारे शंभर किलोमीटर प्रवास करून दिल्लीचे इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ गाठावे लागते. तेथून पुणे विमानतळाचे हवाई अंतर सुमारे १,१५५ किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते दीड तासाच्या आत कापले जावे. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून थोडा अधिक वेळ दिलेला असतो. कारण धावपट्टीपर्यंतची हालचाल, उड्डाणानंतरची चढण, उतरण्यापूर्वी कमी होणारा वेग आणि गर्दीच्या वेळची प्रतीक्षा यांचाही त्यात समावेश होतो. रस्त्यावरील प्रवास आणि विमानतळावरील तपासणीचा वेळ मिळविल्यास घर ते घर प्रवासाला सात-आठ तास लागतात. म्हणजेच प्रत्यक्ष विमानप्रवास हा एकूण वेळेचा जेमतेम तिसरा हिस्सा असतो.

इतिहासाची साक्ष

सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखालील मराठा सैन्य मार्च १७६० मध्ये मराठवाड्यातील परतूरहून निघाले. अवजड तोफखाना, सोबतचे यात्रेकरू व कुटुंबकबिला आणि पावसाळा यांमुळे वाटचाल संथ झाली. ऑगस्टमध्ये सैन्याने दिल्ली घेतली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ते पानिपतला पोहोचले. त्याच सुमारास अहमदशाह अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये आला. दिल्ली अवघी नव्वद किलोमीटरवर होती. परंतु वाट बंद झाल्याने रसद तुटली. उपासमारीने जेरीस आलेल्या सैन्याला १४ जानेवारी १७६१ रोजी निर्णायक लढाईस उतरावे लागले. जवळचे ठिकाणही मार्ग खुला नसेल तर दूरच राहते, हे त्यातून दिसते.

नियोजनाचा बोध

संपर्काचे मूल्यमापन करताना सर्वांत वेगवान साधनाऐवजी प्रवासातील सर्वांत संथ टप्पा पाहावा लागतो. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ या प्रादेशिक हवाई संपर्क योजनेमागे लहान शहरांना हवाई नकाशावर आणण्याचा विचार आहे. पानिपतसारख्या वस्त्रोद्योगाच्या केंद्रासाठी विमानतळापर्यंतचा जलद, खात्रीचा मार्गही तितकाच मोलाचा आहे. अंतर भूगोल ठरवितो. वेळ कमी करणे मात्र नियोजनाच्या हाती असते.