एका तबकडीत किती आठवणी?

१९८० नंतरच्या दोन दशकांत ज्या घरी एखादे मंगलकार्य झाले, त्या घरातील कपाटाच्या वरच्या कप्प्यात काळ्या प्लास्टिकच्या वेष्टनातील एखादी चित्रफीत बहुधा सापडतेच. तिच्यावर वधूवरांची नावे आणि तारीख लिहिलेली असते. ती चालविणारे यंत्र मात्र घरात उरलेले नसते. व्हीएचएस फितीची यंत्रे अखेरपर्यंत बनविणाऱ्या फुनाई ह्या जपानी कंपनीनेही २०१६ साली ते उत्पादन थांबविले. फितीवरील चुंबकीय लेपही काळाबरोबर क्षीण होत असतो. म्हणून फितीतील चित्र संगणकात उतरवून घ्यावे आणि डीव्हीडीच्या तबकडीवर मुद्रित करावे, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांना दूरचित्रवाणीपुढे बसून ते सुखाने पाहता येईल, असा विचार अनेक कुटुंबांत होत असतो. विचार योग्यच आहे. परंतु तो अमलात आणताना थोडा हिशेब करावयास हवा.

आमच्या घरी तो हिशेब कोणी केला नाही. बहिणीच्या लग्नाचे तीन तासांचे चित्रण एका दुकानदाराने एकाच तबकडीवर बसवून दिले. एका तबकडीत काम भागले म्हणून आम्ही समाधान पावलो आणि मूळ फीत रद्दीच्या सामानाबरोबर देऊन टाकली. पुढे दिवाळीत सारे घर ते चित्रण पाहावयास बसले, तेव्हा मंगलाष्टके संपून अक्षतांचा वर्षाव सुरू होताच पडद्यावरील चित्र लहान लहान चौकोनांत फुटले. आजीचा अक्षता टाकणारा हात दिसला. चेहरा मात्र त्या चौकोनांत हरवून गेला होता. आजीचे तेवढेच एक चलच्चित्र आमच्यापाशी होते.

असे का व्हावे, हे समजून घेणे कठीण नाही. डीव्हीडीवर चित्र एमपेग-२ नावाच्या पद्धतीने संक्षिप्त करून ठेवलेले असते. आपल्याकडील पाल पद्धतीत एका सेकंदाला २५ चित्रे दाखविली जातात. त्यांपैकी प्रत्येक चित्र पूर्णपणे न साठविता, आधीच्या चित्रात जो बदल झाला तेवढाच प्रामुख्याने टिपला जातो. स्थिर बसलेल्या माणसाचे चित्र त्यामुळे थोडक्या जागेत मावते. उलट शेकडो अक्षता एकाच वेळी उडू लागल्या, की पडद्यावरील कणन् कण बदलतो आणि तो सारा बदल टिपावयास जागा फार लागते. ती मिळाली नाही, तर चित्र फुटते. जुन्या फितीवरील खरखर हीदेखील संगणकाच्या दृष्टीने हालचालच असल्यामुळे तीही आपला वाटा खाऊन टाकते.

६०० चा सोपा नियम

साध्या, एका थराच्या तबकडीची क्षमता ४.७ गिगाबाइट, म्हणजे ४७० कोटी बाइट असते. (संगणक हीच क्षमता ४.३७ अशी दाखवितो. तो फरक निव्वळ मोजणीच्या पद्धतीचा आहे. तबकडी कमी भरली असे समजू नये.) एका बाइटचे आठ बिट धरले, तर एकूण ३७,६०० मेगाबिट होतात. तबकडीच्या बाहेरील कडेशी चुका होण्याचा संभव अधिक असतो, म्हणून थोडी जागा मोकळी सोडून ३६,००० मेगाबिटच आपल्या हाती आहेत असे मानावे. ह्यावरून घरगुती हिशेबाचा एक सोपा नियम मिळतो. ६०० ला चित्रणाच्या मिनिटांनी भागावे. येईल तो भागाकार म्हणजे दर सेकंदास उपलब्ध असलेले मेगाबिट, अर्थात बिटरेट.

९० मिनिटांचे चित्रण असेल, तर भागाकार ६.६ च्या पुढे येतो. चित्र उत्तम राहते. १२० मिनिटांसाठी तो ५ येतो. काळजीपूर्वक काम केल्यास हेही समाधानकारक असते. १८० मिनिटांसाठी मात्र तो केवळ ३.३ उरतो, आणि आमच्या घरची अक्षतांची दुर्दशा ह्याच आकड्याने केली. तासाभराच्या चित्रणासाठी भागाकार १० येत असला, तरी डीव्हीडीच्या मानकात चित्राची कमाल मर्यादा ९.८ आहे, काही जुनी यंत्रे तेथवर जाण्याआधीच अडखळतात, म्हणून ८ वर थांबणे इष्ट.

ह्या भागाकारातूनच आवाजाचाही वाटा द्यावयाचा असतो. असंक्षिप्त पीसीएम आवाजाला दीड मेगाबिटहून अधिक लागतात; डॉल्बी डिजिटल पद्धतीने साधारण ०.२ मेगाबिटमध्ये भागते. मंगलाष्टकांसाठी आणि घरगुती बोलण्यासाठी दुसरी पद्धत पुरेशी आहे. संगणकातील आज्ञावलीत ‘दोन फेऱ्यां’ची सोय असेल, तर ती अवश्य घ्यावी. पहिल्या फेरीत सारे चित्रण तपासले जाते आणि दुसऱ्या फेरीत शांत प्रसंगांतील वाचलेली जागा धावपळीच्या प्रसंगांना दिली जाते. वेळ दुप्पट लागतो, पण लग्न काही रोज होत नाही.

तीन तासांचे चित्रण असल्यास सर्वांत चांगला उपाय म्हणजे ते दोन तबकड्यांवर विभागणे. सीमांतपूजनापासून कन्यादानापर्यंत एक, आणि सप्तपदीपासून वरातीपर्यंत दुसरी, अशी नैसर्गिक वाटणी करता येते. दोन थरांची ८.५ गिगाबाइटची तबकडी घेतल्यास ६०० ऐवजी १,०८० ला मिनिटांनी भागावे. तीन तासांना ६ मेगाबिट मिळतात. मात्र काही जुन्या यंत्रांना ती वाचता येत नाही. एकाच साध्या तबकडीचा आग्रहच असेल, तर ७२० ऐवजी ३५२ बिंदू रुंदीची चौकट निवडावी. व्हीएचएस फितीत मुळातच आडवा तपशील सुमारे २४० रेषांचा असल्याने तीत फारसे काही गमावत नाही.

तबकडीची निवड

बाजारात ‘डीव्हीडी-आर’ आणि ‘डीव्हीडी+आर’ असे एकदाच लिहिता येणाऱ्या तबकड्यांचे दोन प्रकार मिळतात. घरातील यंत्र फार जुने असेल, तर ‘-आर’ चालण्याचा संभव अधिक. ‘आरडब्ल्यू’ प्रकारची तबकडी सुमारे १,००० वेळा पुसून लिहिता येते. कायमच्या जतनासाठी ती घेऊ नये. परंतु पहिला प्रयोग तिच्यावर करून चित्र कसे दिसते ते पाहावे आणि मगच चांगली तबकडी खर्ची घालावी, हे शहाणपणाचे.

एकदाच लिहिण्याच्या तबकडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात. हा थर कोऱ्या तबकडीतही जुना होत असतो. नॉयडा येथील मोझर बेअर ही ह्या उद्योगातील एके काळची मोठी भारतीय कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली. तेव्हा दुकानात वर्षानुवर्षे पडून असलेला जुना साठा स्वस्त मिळाला, तरी तो घेऊ नये. वेष्टनावरील नाव आणि प्रत्यक्ष बनविणारा कारखाना एकच असतो असेही नाही. निर्मात्याचा संकेत तबकडीवरच नोंदलेला असतो आणि संगणकाला तो वाचता येतो. एकदम मोठी चळत न घेता दोन-चार तबकड्या आणून पारखाव्यात.

लिहिताना अतिवेग टाळावा. १६ पट वेगाची तबकडी ८ पट वेगाने लिहावी. लेखन संपल्यावर संगणकाकडून पडताळणी करून घ्यावी. वर कागदी लेबल चिकटवू नये, त्याने तबकडीचा तोल बिघडतो. पाण्यावर आधारित शाईच्या लेखणीने नाव लिहावे. तबकडी उभी, काळोख्या, कोरड्या आणि थंड जागी ठेवावी आणि पुसावयाची झाल्यास मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही अशाच सूचना आहेत. आपल्याकडील कोकणासारख्या दमट प्रदेशात तर त्या अधिकच पाळावयास हव्यात.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डीव्हीडी ही पाहण्याची प्रत आहे, मूळ ठेव नव्हे. संगणकात उतरविलेले असंक्षिप्त वा अल्पसंक्षिप्त चित्रण मोठी जागा घेते. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ गिगाबाइट. तरीही ते दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर जपून ठेवावे. तबकडी उद्या निकामी झाली, तर त्यावरून दुसरी करता येते. चौकोनांत फुटलेल्या चित्रावरून मात्र हरवलेला चेहरा पुन्हा काढता येत नाही. म्हणून नवी तबकडी सर्वांनी एकत्र बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावी, अक्षता पडतानाचा प्रसंग विशेष लक्ष देऊन पाहावा, आणि त्यानंतरही फीत टाकून देण्याची घाई करू नये. कपाटातील तिची जागा फार मोठी नाही.