तळ्यातील मासे एका रात्रीत का मरतात?



वैशाखात तळ्याचे पाणी खाली जाते, किंवा आषाढात चार दिवस आभाळ दाटून राहते. मग एखाद्या सकाळी शेततळ्यात रोहू आणि कटला पांढरे पोट वर करून तरंगताना दिसतात. अशा वेळी पहिला शब्द निघतो, "कोणीतरी औषध टाकले." बोट शेजारच्या बांधाकडे जाते आणि दोन घरांचे बोलणे बंद होते. असा संशय घेण्याआधी मासा श्वास कसा घेतो हे आपण समजून घेतले पाहिजे.

एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. 30 अंश तापलेल्या एक लिटर पाण्यात हवेतून जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. पाणी जितके तापेल तितका तो कमी होतो. दिवसा हिरवे शेवाळ उन्हाच्या बळावर पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाशी कुजणारे शेण हे सर्व मिळून तो वापरतात. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. आदल्या दिवशी ऊन पडले नसेल तर तूट अधिकच वाढते.

रोहू, कटला, मृगळ हे मासे कल्ल्यांनी पाण्यातलाच प्राणवायू घेतात. तो पाच मिलिग्रॅमच्या आसपास असला म्हणजे ते सुखाने वाढतात. कमी पडू लागला की कल्ल्यांची उघडझाप वाढते आणि मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतो, कारण हवेला लागून असलेल्या पातळ थरात प्राणवायू थोडा जास्त असतो. टंचाई काही दिवस टिकली तर कित्येक माशांच्या तांबड्या पेशींतही बदल होतो आणि रक्त थोडासा प्राणवायूही पकडू लागते. पण या बदलाला वेळ लागतो. एका रात्रीत पाणी बिघडले तर तो वेळ माशाला मिळत नाही.

मरळ, मांगूर आणि शिंगी यांची रचना वेगळी आहे. मरळीच्या कल्ल्यांवर हवेसाठी पोकळी असते, मांगूरच्या कल्ल्यांमागे झाडाच्या फांद्यांसारखा अवयव असतो, आणि शिंगीला शेपटीच्या दिशेने गेलेल्या दोन लांब पिशव्या असतात. हे मासे वर येऊन हवा घेतात. मोठी मरळ तर जाळ्यात पाण्याखाली अडकली तर गुदमरून मरते. उन्हाळ्यात मांजरेच्या आटलेल्या डोहांतही मरळ तग धरते ती यामुळेच.

आता तळ्याची साक्ष वाचावी. मासे पहाटे मेले, आधी मोठे मेले, आदल्या दिवशी ते वर तोंड काढत होते, आणि मरळ-मांगूर मात्र जिवंत आहेत, तर बहुधा प्राणवायूच संपला असे समजावे. लहानमोठे सगळे मासे, मरळ, बेडूक, पाणकिडे एकदम मेले असतील तर विषाची शंका घेण्यास जागा आहे. तेव्हा ते मासे खाऊ नयेत, जनावरांना ते पाणी पाजू नये, आणि मत्स्य खात्याच्या कचेरीत कळवून पाण्याची तपासणी मागावी.

मासे वर तोंड काढताना दिसले की खाद्य आणि शेण त्याच दिवशी बंद करावे. पंपाने तळ्याचेच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे परत पाडावे, विशेषतः मध्यरात्रीनंतर उजाडेपर्यंत. विहिरीचे पाणी सोडायचे तर तेही उंचावरून पडू द्यावे. मासे दाट झाले असतील तर मोठे काढून विकावेत.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, असे आठवी आज्ञा आपल्याला शिकविते. पुराव्यावाचून केलेला आरोपही त्यातच येतो. मासे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सोडता येतील. तुटलेला शेजार जोडायला पिढी जाते. म्हणून आधी तळ्याकडे नीट पाहावे, मग बोलावे.